श्रावणात न उघडलेलं पत्र

अण्णा आणि तात्या एकमेकांशी बोलत नाहीत, यात काही वावगं आहे असं मला बरीच मोठी होईपर्यंत वाटलंच नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील आणि तात्या त्यांचे थोरले बंधू. तुळजापुरात घाटाच्या अंगाला उतरत जाणाऱ्या एका गल्लीत आमची दोन बैठी घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी होती, अलीकडचं आमचं आणि पलीकडचं त्यांचं. नळाला पाणी आलं की अण्णा दारात उभे राहून मोठ्यानं म्हणत, “शालू, काकूंना सांग, पाणी आलंय.” तात्या तिथंच, हाताच्या अंतरावर, ओट्यावर पंचांग घेऊन बसलेले असत. मी दोन पावलं चालून काकूंना सांगे, आणि काकू ऐकलेलंच पुन्हा ऐकून घागरी काढत. मला वाटे, भाऊ मोठे झाले की असंच वागतात. एकदा एका मैत्रिणीकडं गेले तर तिचे वडील आणि काका एका ताटलीत शेंगा फोडत बसलेले आणि हसून हसून लोटपोट झालेले. घरी येऊन मी आईला हे नवल सांगितलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, “असतात काही घरं तशी.”

या अबोल्याचं कारण मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं. गल्लीच्या खालच्या टोकाला महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं आणि त्याची पूजा आमच्या घराण्याकडं होती. गावात देवीला येणाऱ्या माणसांतली फार थोडी तिथवर उतरत, पण श्रावणात मात्र आमच्या महादेवाचे दिवस असत. पूजेची पाळी दोघा भावांत वाटलेली होती, एक महिना अण्णांचा आणि एक तात्यांचा. त्या हिशेबानं श्रावण अण्णांच्या वाट्याला येई. मी पाच-सहा वर्षांची असताना एका साली श्रावणाच्या आधी अधिक महिना आला. तात्यांचं म्हणणं, अधिक हा स्वतंत्र महिना धरायचा, म्हणजे पुढची पाळी सरकते आणि श्रावण माझा. अण्णांचं म्हणणं, अधिक धरायचा नसतो. हा वाद घरात बसून मिटला असता. पण पहिल्या सोमवारी गाभाऱ्यात यजमान बसलेले, अण्णा अभिषेकाला उभे, आणि तात्यांनी सगळ्यांसमोर येऊन अण्णांच्या हातातला तांब्या काढून घेतला. “बाहेर हो,” एवढंच म्हणाले. अण्णा बाहेर आले. पुढं गावातल्या जाणत्या माणसांनी बसून श्रावण अण्णांचाच असल्याचा निकाल दिला, तात्यांनी तो मुकाट्यानं मानला, आणि तिथून पुढं दोघं नऊ वर्षं बोलले नाहीत. पाळी बदलायच्या संध्याकाळी देवळाची किल्ली एकजण फुलवाल्याकडं ठेवी आणि दुसरा थोड्या वेळानं जाऊन ती घेई.

आमचं घर मला आठवतं ते आधी कानांनी. पहाटे अण्णांच्या अंघोळीच्या तांब्याचा घंगाळावर होणारा आवाज, मग आईच्या स्टोव्हचा पंप, मग गल्लीतून वर चढणाऱ्या गाढवांच्या खुरांचा. आणि या सगळ्याच्या खाली दोन गळ्यांचा रुद्र. अण्णा भिंतीच्या अलीकडं म्हणत, तात्या पलीकडं. दोघांनी तो एकाच बापाकडून घेतलेला, त्यामुळं चाल एक, थांबायच्या जागा एक, श्वासही एकच. कोणी मुद्दाम सुरुवात एकदम करत नसे, पण चार-पाच ओळींत दोघं एकमेकांना गाठत आणि मग शेवटपर्यंत सोबत जात. मी अंथरुणात पडून ऐके तेव्हा भिंत मध्ये आहे असं वाटत नसे. मग एका थंडीत तात्या अडखळू लागले. पुढचा शब्द न सापडल्यासारखे एका जागी थांबत, मागं जात, पुन्हा तिथंच येऊन थांबत. पहिल्या दिवशी अण्णाही थांबले. दुसऱ्या दिवशी ती जागा आली तेव्हा अण्णांनी आवाज चढवला, पुढचा शब्द जवळजवळ भिंतीवर आपटला, आणि पलीकडून तात्यांनी तो उचलला. त्यानंतर हे रोजचंच झालं. आई एकदा म्हणाली, “एवढी काळजी आहे तर दारातून जाऊन सांगा की.” अण्णा म्हणाले, “मी माझं म्हणायलोय.” तिनं चहा गाळला.

मला मात्र दोन्ही घरं मोकळी होती. भांडण मोठ्यांचं आहे, पोरांनी त्यात पडू नये, एवढा शहाणपणा दोन्हीकडं होता. शाळेतून आले की मी परसातली बुटकी भिंत ओलांडून तात्यांकडं जाई. काकू मेतकूट-भात कालवून देत, वर कच्चं तेल, आणि तोंडी लावायला भाजलेली मिरची. खाऊन झालं की तात्या पाटी पुढं सरकवत. मुलींनी वेद म्हणायचे नाहीत या मताचे ते होते, पण मुलीचं अक्षर चांगलं पाहिजे याही मताचे होते. पाटीवर जमलं की बोरूनं कागदावर लिहून घेत. “शाले, ओळ डोंगर चढायलीय बघ. खाली आण तिला.” त्यांचं स्वतःचं अक्षर टपोरं आणि संथ होतं, ‘ल’च्या पोटात जरा जास्तच जागा सोडणारं. पुढं मी अडतीस वर्षं शिकवलं, हजारो पोरांच्या वह्या तपासल्या; फळ्यावर लिहिताना माझा ‘ल’ तात्यांचाच येई. आईला मात्र अक्षराची ओळख बेताची होती, पोथी लावून वाचता येण्यापुरती.

तात्यांचा मुलगा, वसंतदादा, परंड्याला शाळेत मास्तर होता. तात्यांचे शब्द जास्तच हरवू लागले तेव्हा तो येऊन दोघांना घेऊन गेला. मी त्या दिवशी शाळेत होते. परत आले तो पलीकडच्या दाराला कुलूप. मला कोणी थांबवून सांगितलं नव्हतं, आदल्या दिवशी पाटी पुढं ओढताना तात्यांनीही सांगितलं नव्हतं. काकूंनी आईजवळ माझ्यासाठी खोबऱ्याची वडी ठेवली होती ती मी खाल्ली नाही, दोन दिवस तशीच ठेवून मुंग्यांना दिली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा राग तो, त्याला बुड नसतं आणि तो लवकर जातही नाही. अण्णांनी एका शब्दानं काही दाखवलं नाही. पहाटे ते रुद्र म्हणत, आणि ती जागा आली की आवाज चढवत. मग क्षणभर थांबत, आणि पुढं जात.

आता इथं एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला पटणार नाही. भाऊबंदांत कोणी गेलं की सुतक येतं आणि सुतकात पूजा करता येत नाही, पाळी सोडावी लागते. पण आमच्या गल्लीतल्या पुजारी घरांची समजूत अशी की सुतक लागतं ते बातमी कळल्यापासून. कानावर आलंच नाही तर लागत नाही. त्यामुळं ज्याची पाळी चालू असेल त्याच्या घरी त्या महिन्यात भाऊबंदांकडून आलेलं पत्र उघडत नसत. आलेलं पत्र एका डब्यात पडे आणि पाळी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी वाचलं जाई. आमच्याकडं मेतकुटाचा रिकामा झालेला पत्र्याचा डबा त्यासाठी होता. मला याचं हसू येत असे. आज माझ्या घरातली मंडळी मोबाईलवर आलेला निरोप वाचतात आणि वाचल्याची खूण दुसऱ्याला दिसू नये अशी तजवीज करून ठेवतात, तेव्हा मला तो डबा आठवतो. न कळल्याचं नाटक माणसाला कायमच सोयीचं पडत आलंय.

त्या वर्षीच्या श्रावणात, दुसरा सोमवार होऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोस्टमनमामांनी दारात सायकल टेकवली. मी ओट्यावर बेलाची पानं निवडत बसले होते. त्यांनी निळं आंतरदेशीय पत्र माझ्या हातात दिलं. “परंड्याचं हाय. तुमच्या तात्याची तब्येत बरी हाय न्हवं?” मी मान हलवली. खरं तर मला माहीत नव्हतं. ते गेल्यावर मी पत्ता पाहिला. टपोरं अक्षर, थोडं थरथरलेलं, ओळ शेवटाकडं जरा खाली उतरलेली, पण ‘तुळजापूर’मधल्या ‘ल’चं पोट तसंच. पत्ता तात्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

मी आत गेले. आई तांदूळ धूत होती. “परंड्याहून पत्र आलंय,” मी म्हणाले. “अगं बाई,” ती म्हणाली, आणि पदरानं हात पुसून पत्र घेतलं, उलटसुलट केलं. तिला वाटलं ते साहजिकच होतं. परंड्याहून पत्र, तात्या थकलेले, काही बरंवाईट झालं असेल. तिनं डबा काढला. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, आई, हे अक्षर तात्यांचं आहे. गेलेला माणूस स्वतःच्या हातानं पत्ता लिहीत नाही. सुतकाचं काही भय नाही, उघड ते. वाक्य तोंडात तयार होतं. ते मी बोलले नाही. आईला भ्याले म्हणून नाही, आणि रीत मोडेल म्हणून तर मुळीच नाही. मला न सांगता गेले ना, मग थांबू देत आता, असं मनात आलं. एवढंच आलं. याहून मोठं कारण शोधायचा मी पुढं पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही. आईनं पत्र डब्यात टाकलं, झाकण दाबून लावलं आणि डबा फडताळात वर सरकवला.

दुपारी अण्णा देवळातून आले. जेवताना आई म्हणाली, “परंड्याचं पत्र आलंय. ठेवलंय.” येसराच्या आमटीत भात कालवता कालवता अण्णा म्हणाले, “होऊ दे श्रावण.” पुढं ते जेवले की नाही ते मी पाहिलं नाही, कारण मी ताटातून मान वर केली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला अजून एकेक करून आठवतात, आणि ते चांगले दिवस होते याचंच वाईट वाटतं. तिसरा सोमवार आला, चौथा आला. पहाटेपासून गल्लीत ओल्या पायांचे ठसे असत. अण्णांचा गळा त्या वर्षी फार लागला होता. मी फुलं निवडायचे, गंध उगाळायचे, संध्याकाळी उपास सोडायला आई भाजणीचे वडे करायची आणि पहिला वडा अण्णा मला द्यायचे. फडताळापुढून जाताना डबा दिसे. चौथ्या सोमवारी माझ्यानं राहवेना. आता सांगायचंच, असं ठरवून मी देवळात गेले. अण्णा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी घामाघूम उभे होते, चारी बाजूंनी माणसं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी म्हणाले, “अण्णा, आई विचारतेय, ताक पाठवू का?” ते म्हणाले, “पाठव की.” मी घरी येऊन ताकाचा गडू भरला. राग तर कधीच उतरला होता. आता भीती होती, इतके दिवस का बोलली नाहीस, हे कोणी विचारील याची.

पोळ्याच्या दिवशी श्रावण संपला. गल्लीच्या तोंडावरून झुली घातलेले बैल गेले, घुंगरांचा आवाज घरात येत राहिला. संध्याकाळी अण्णांनी किल्ली फुलवाल्याकडं ठेवली. तात्यांच्या पाळीला पलीकडच्या आळीतले एक गुरुजी उभे राहत, ते ती घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं डबा खाली काढला, आणि अण्णांनी पत्र उभ्यानंच फाडलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर ते जमिनीवर बसले आणि पत्र माझ्याकडं सरकवलं. ते मी आजही जपून ठेवलंय. पूर्ण इथं उतरवते, फार मोठं नाही.

“चि. नारायणास अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती तुला ठाऊक आहेच. शब्द हातून निसटतात. लिहिताना सापडतात, बोलताना सापडत नाहीत. वैद्य म्हणतात, एक दिवस वाचा जाईल. तोवर तू एकदा येऊन जावंस. तांब्याविषयी मला बोलायचं आहे, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, तुझ्या तोंडाकडं पाहून बोलण्यासारखं आहे. श्रावण आहे, पाळी कशी सोडू असं म्हणशील. माझ्या पाळीचे गुरुजी आहेतच, तू दोन दिवस त्यांना उभं करून ये. शालीला आण. तिला सांगून येता आलं नाही. तिच्यासमोर निरोप घेताना मला शब्द सापडले नसते.”

पत्रावर तारीख होती, अठरा दिवसांपूर्वीची. आई एकदम म्हणाली, “मला काय माहीत हो, मला वाटलं...” आणि रडू लागली. अण्णा तिला काही बोलले नाहीत. “धपाटे बांध,” म्हणाले, “बार्शीची गाडी साडेआठाला आहे.” मी न विचारता चपला घातल्या.

तुळजापूरहून बार्शी आणि तिथून परंडा. एस.टी.च्या खिडकीतून ज्वारीची रिकामी रानं, मध्येच उडीद-मुगाची हिरवी पट्टी. अण्णांनी मांडीवर धपाट्यांचा डबा धरला होता तो उघडलाच नाही. बार्शीच्या अलीकडं त्यांनी मला विचारलं, “शालू, गेल्या गेल्या पहिलं काय बोलू गं?” अण्णांनी मला काही विचारलंय असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी म्हणाले, “तब्येत कशी आहे, असं विचारा.” त्यांनी मान हलवली. मग थोड्या वेळानं स्वतःशीच हळू म्हणून पाहिलं, “तात्या, तब्येत कशी आहे तुमची?” आणि पुन्हा एकदा, जरा वेगळ्या तऱ्हेनं. माझ्या पलीकडं बसलेल्या बाईनं वळून पाहिलं. बाकी रस्ताभर मी खिडकीबाहेर तोंड करून बसले होते.

वसंतदादाचं घर किल्ल्याच्या बाजूला, एस.टी. स्टँडपासून चालत जाण्याजोगं होतं. काकू दारातच भेटल्या. अण्णांना पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “आत्ता आलात होय, भाऊजी.” मग त्यांनीच सांगितलं. आठ दिवसांपूर्वी सकाळी उठले ते उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. श्रावणात पत्र उघडणार नाहीत म्हणून वसंतदादानं पुन्हा कळवलं नव्हतं. त्याआधी दहा दिवस बरे होते. रोज दुपारी, बार्शीची गाडी यायच्या वेळेला ओट्यावर खुर्ची टाकून बसत. “मी म्हणायची, श्रावण आहे, भाऊजी कसे येतील. तर म्हणायचे, येईल. पत्र लिहिलंय मी स्वतः, माझं अक्षर ओळखतो तो.” काकू हे बोलल्या आणि मी ओट्याच्या पायरीवर बसले. आठ दिवस. त्या मंगळवारी मी तोंड उघडलं असतं, किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा अगदी नंतरच्या सोमवारी, तरी चाललं असतं.

आत तात्या खाटेवर होते. फार लहान दिसत होते. दाढी वाढलेली, उजवा हात उशीवर ठेवून दिलेला. अण्णा खाटेशी गेले, आणि रस्ताभर घोकलेलं सगळं विसरले. “तात्या,” म्हणाले, “मी आलो.” तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, ओठ हलले, गळ्यातून एक आवाज आला, त्याला शब्दाचा आकार नव्हता. पुन्हा प्रयत्न केला. कपाळाच्या शिरा फुगल्या. मग डाव्या हातानं त्यांनी लिहिल्यासारखी खूण केली. वसंतदादानं पाटी आणून धरली. ज्या माणसानं माझी ओळ सरळ केली, त्यानं डाव्या हातात पेन्सिल धरून पाटीवर नुसत्या रेघा ओढल्या, एकीवर एक, त्यातलं एकही अक्षर लागेना. अण्णांनी पाटी हळूच काढून घेतली. “राहू द्या,” म्हणाले, “पत्र वाचलंय मी. कळलं सगळं.” तात्यांनी डोकं जोरात हलवलं, नाही, नाही, असं. त्यांना जे म्हणायचं होतं ते पत्रात नव्हतं, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मग डाव्या हातानं त्यांनी अण्णांचं मनगट धरलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. मला त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पाया पडले, पण तोंडाकडं पाहू शकले नाही.

चार दिवसांनी शाळा म्हणून मला परत पाठवलं. अण्णा राहिले. तात्यांना अंघोळ घालणं, कूस बदलणं, पातळ मऊ भात चमच्यानं भरवणं, सगळं त्यांनी केलं, वसंतदादाला हात लावू दिला नाही. आणि दिवसभर ते बोलत. काकू पुढं सांगत, घरात इतकं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी घाटात हरवलेली गाय, वडिलांचा मार, कोणत्या साली कोणते यजमान आले, माझी आई माझ्यावर का चिडते, नऊ वर्षांत साठलेलं सगळं. तात्या ऐकत. डोळे मिटले असले तरी ऐकत आहेत हे मनगटावरच्या बोटांनी कळे. तेवीस दिवस असे गेले आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात तात्या गेले. लोक म्हणाले, शेवटी भाऊ भावाला भेटला, समेट झाला, भाग्य. मीही पुष्कळदा तसंच म्हणाले. पण समेटात दोघांनी बोलायचं असतं, आणि आमच्याकडं एकच बोलला. कोण चुकलं होतं हे तात्या काय सांगणार होते, ते त्यांच्याबरोबर गेलं. अण्णांनी आमच्या घरातली ती रीत मोडली. त्यानंतर श्रावण असो की काही, आलेलं पत्र ते दारातच फोडत.

मी लग्न होऊन धाराशिवला आले, शाळेत लागले, मुलं झाली. आई गेल्यावर अण्णांना माझ्याकडं आणलं. ऐंशी उलटलेली, नजर अधू झालेली, पण जीभ शाबूत. त्या अक्षराबद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बत्तीस वर्षं मी ते एकटीनं धरून होते, आणि अण्णांसमोर बसले की ते घशाशी येई. एका दुपारी ते गॅलरीत उन्हाला बसले होते, मी शेजारी मटार सोलत होते, आणि काही कारण नसताना मी बोलून गेले. म्हणाले, “अण्णा, ते पत्र आलं त्या दिवशी पत्ता तात्यांच्या हातचा आहे हे मला कळलं होतं. मी आईला सांगितलं नाही. रागावले होते मी त्यांच्यावर. माझ्यामुळं तुमचं बोलणं हुकलं.” पन्नाशीकडं झुकलेली बाई मी, आणि बापाचा मार खायला उभं राहावं तशी बसले होते.

अण्णांनी रस्त्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, “दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी ओढ्यावर धुणं घेऊन गेला होतात. मी डबा काढून पाहिला.”

मला आधी कळलंच नाही.

“तात्यांचं अक्षर मला ओळखू येणार नाही होय?” ते म्हणाले. “हातात धरून उभा होतो. उघडावं वाटलं. मग म्हटलं, नऊ वर्षं मी थांबलो, त्यांनी एक श्रावण थांबावं. आणि ठेवून दिलं परत.”

“मग इतक्या वर्षांत मला सांगितलं का नाही तुम्ही?”

“तुला काय सांगायचं? तुझ्या आईलाही नाही सांगितलं. ती बिचारी स्वतःलाच बोल लावत गेली.” त्यांनी हात पुढं केला, चाचपडत माझ्या ताटलीतली एक शेंग घेतली, आणि ती न सोलता हातातच धरून ठेवली. मला रडू येत होतं, माझ्यासाठी की आईसाठी की त्यांच्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

“तेवीस दिवस उशाशी बसून सगळं बोललो गं मी त्यांच्याशी,” अण्णा म्हणाले. “एवढं एक सांगायचं धाडस झालं नाही. त्यांना ऐकू येत होतं ना.”